न पाहिलेलें हरीण

कांहीं असत्यें अशीं आहेत कीं तीं बोलतांना मनुष्याची जीभ अडखळत नाहीं व ऐकणाऱ्याच्या कपाळास आठी पडत नाहीं. बाजारांत खोटें वजन वापरणारा आपण चोरी करितों हें जाणून असतो. पण रानांत सहलीस गेलेल्या मंडळींपैकीं एकानें झाडीकडे बोट करून "तें पाहा हरीण! दिसलें ना?" असें विचारलें, आणि ज्यास कांहींच दिसलें नाहीं त्यानें "होय, दिसलें" असें उत्तर दिलें, तर आपल्या हातून कांहीं वावगें घडलें असें त्याच्या स्वप्नींही येत नाहीं. हें "दिसलें" खरोखर निरुपद्रवी आहे काय? हा प्रश्न गेल्या मे महिन्यांत एका आठ वर्षांच्या मुलीनें आमच्यापुढें उभा केला, आणि तेव्हांपासून तो आमच्या मनांत घोळत आहे. ज्यांच्या घरीं मुलें आहेत, अथवा ज्यांच्या हातीं दुसऱ्यांचीं मुलें शिकावयास दिलेलीं आहेत, त्या सर्वांचा ह्या प्रश्नाशीं संबंध आहे, म्हणून तो येथें वाचकांपुढें मांडीत आहों.

आमचें राहणें मालवण तालुक्यांतील कट्टा येथें. सुटीचे दिवस असल्यामुळें मुलांचे मामा घरीं आले होते, आणि एक दिवस सर्वांनीं दाजीपूरच्या रानांत जावें असा बेत ठरला. आजी घरीं राहिली. आम्ही उभयतां, मामा, अकरा वर्षांचा थोरला मुलगा, आठ वर्षांची मुलगी व पांच वर्षांचा धाकटा असे सहा जण पहांटे शिदोरी बांधून भाड्याच्या गाडीनें निघालों. कसालास महामार्ग धरला, कणकवली मागें टाकली, आणि फोंड्याचा घाट चढून ऊन तापण्याच्या आंत दाजीपुरास पोहोंचलों. घाटाच्या पायथ्याशीं आमचा सिंधुदुर्ग जिल्हा व माथ्यावर कोल्हापूर जिल्हा. खालीं घामाच्या धारा व वर झाडांखालीं गार वारा. एवढ्यानेंच मुलें हर्षून गेलीं.

हें रान पूर्वीं कोल्हापूरच्या छत्रपतींचें शिकारीचें राखीव रान होतें. १९५८ सालीं तें गव्यांसाठीं अभयारण्य म्हणून जाहीर झालें. १९८५ सालीं त्याचा विस्तार होऊन राधानगरी अभयारण्य ह्या नांवानें त्याचें क्षेत्र सुमारें ३५१ चौरस किलोमीटर झालें. आणि २०१२ सालीं पश्चिम घाटांतील जीं स्थळें जागतिक वारशांत गणलीं गेलीं, त्यांत ह्याचाही समावेश झाला. जेथें एके काळीं राजे बंदुका घेऊन येत, तेथें आज कोणाही गरिबाचें मूल रिकाम्या हातांनीं येऊन जनावर पाहूं शकतें, ही गोष्ट लहान नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकाऱ्याचा हात आवरला. पाहणाऱ्याची जीभ आवरणारा कायदा मात्र कोणत्याही सरकारास करितां आलेला नाहीं. तें काम ज्याचें त्यासच करावें लागतें.

गवे आम्हांस सकाळींच दिसले. वाटेच्या कडेस पांच-सहांचा कळप चरत होता. काळेभोर अंग, आणि गुडघ्यांखालीं पांढरे मोजे घातल्यासारखे पाय. मोठा नर आठशें-हजार किलोपर्यंत भरतो. तेथें कोणी कोणास "दिसले ना?" असें विचारलें नाहीं, धाकट्यानेंच भिऊन आमच्या सदऱ्याचें टोंक धरिलें. पण मुलांचें मन हरणांवर बसलें होतें. पुस्तकांतील चित्रांत पांढऱ्या ठिपक्यांचें चितळ पाहिलेलें असल्यामुळें सगळीं हरणें तशींच, अशी त्यांची समजूत. म्हणून आम्हीं त्यांस वाटेंत सांगितलें कीं ह्या दाट रानांत पाहावयाचें तें मुख्यतः सांबर व भेकर. सांबर मोठें, तपकिरी, ठिपके नसलेलें. नराच्या शिंगांस दोहों बाजूंस बहुधा तीन-तीन टोंकें असतात, आणि तीं शिंगें गळून पडून पुन्हां नवीं येतात. भेकर शेळीएवढें, बहुधा एकटेंच हिंडणारें, आणि भ्यालें म्हणजे कुत्र्यासारखें भुंकणारें. पिसोरी सर्वांत लहान, तीन-चार किलो वजनाचें, बिनशिंगाचें व रात्रीं फिरणारें. तें दिसलें तर भाग्यच समजावें.

हरीण दिसणें कठीण कां, ह्याचें कारणही सांगण्यासारखें आहे. हरणाचा पहिला बचाव धांवण्यांत नसून स्तब्ध उभें राहण्यांत आहे. डोळा हालचालीस लवकर पकडतो; जें हालत नाहीं तें पानें, खोडें व सांवल्या ह्यांत मिसळून जातें. म्हणून रानांतला अनुभवी मनुष्य सबंध हरीण शोधीत बसत नाहीं. उभ्या खोडांमध्यें एखादी आडवी रेघ आहे काय, म्हणजे ती पाठ असेल. पानासारखें कांहीं फडफडतें आहे काय, म्हणजे तो कान असेल. असें तो तुकड्यातुकड्यानें पाहतो, आणि त्या तुकड्यांचें हरीण होण्यास वेळ लागतो. हें आम्हांस ठाऊक होतें. तरीही पुढें जें घडलें तें घडलें.

दुपार कलल्यावर एका पाणवठ्यासमोरच्या मनोऱ्यावर आम्ही जाऊन बसलों. थोड्या वेळानें मामा हलक्या आवाजांत म्हणाले, "तें पाहा सांबर! जांभळीच्या खालीं, सांवलींत." थोरला म्हणाला, "दिसलें." मुलांची आई म्हणाली, "दिसलें." आम्हींही मान हालवून "दिसलें" म्हटलें. धाकट्यास उचलून धरिलें, तोही आनंदानें "दिसला, दिसला" करूं लागला. मुलगी मात्र कठड्यास धरून उभी राहिली व म्हणाली, "माका कायच दिसूक नाय."

आम्हीं तिची हनुवटी धरून मान वळविली. "आतां दिसलें ना?" ती म्हणाली, "नाय." तिसऱ्या खेपेस आमच्या आवाजांत चीड आली. "एवढें मोठें जनावर सगळ्यांस दिसतें, आणि तुलाच कसें दिसत नाहीं?" त्यावर तिनें रानाकडे पाहिलें नाहीं, आमच्या तोंडाकडे पाहिलें, आणि म्हणाली, "हां, दिसला." आमचें समाधान झालें. इतक्यांत मागून आलेल्या दुसऱ्या एका मंडळीनें जनावर हालावें म्हणून टाळ्या पिटल्या व शीळ घातली. झाडींत कांहीं खसपसलें, आणि मग तेथें पाहावयास कांहींच उरलें नाहीं. उन्हाळ्यांत पाण्यावर आलेल्या मुक्या जीवास तहानेल्याच हांकून दिलें म्हणून आम्हीं त्या लोकांस मनांत दोष दिला. आपण स्वतः थोड्या वेळापूर्वीं काय केलें हें तेव्हां आमच्या ध्यानांत आलें नाहीं. त्यांनीं आपल्या घाईसाठीं हरणावर जुलूम केला, आम्हीं आपल्या घाईसाठीं मुलीवर.

रात्रीं घरीं आल्यावर आजीनें नातवंडांस जवळ घेऊन विचारिलें, "काय काय बघितल्यात?" मुलीनें गवे सांगितले, माकडें सांगितलीं, आणि मग दोन्ही हात पसरून सांबराचीं एवढालीं शिंगें दाखविलीं. थोरला खदखदून हांसला. "अगो, ती मादी होती! मामान गाडयेत सांगल्यान. मादयेक शिंगां नसतत!" मामाही हांसले, आम्हीही हांसलों. मुलीचा चेहरा एकदम उतरला, आणि ती आजीच्या पदराआड तोंड लपवून रडूं लागली.

निजावयाच्या वेळीं ती आमच्यापाशीं आली व हळूच म्हणाली, "बाबा, तुमकां खराच दिसला?"

वाचकहो, "होय" हा शब्द आमच्या ओठांवर आला होता. पण तो उच्चारण्यापूर्वीं आम्हीं मनाशीं तपास करून पाहिला. जांभळीच्या खालीं आम्हांस काय दिसलें होतें? सांवली दिसली होती. तपकिरी असें कांहीं दिसलें होतें, पण तें खोडही असूं शकलें असतें. मामांनीं सांबर म्हटलें, म्हणून आम्हीं सांबर म्हटलें. शेवटीं आम्हीं तिला सांगितलें, "नाहीं, आम्हांस दिसलें नाहीं." ती कांहीं वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मगे तुमी कित्याक सांगलास?"

मग आपण कां सांगितलें? ह्याचें उत्तर त्या रात्रीं आम्हांस देतां आलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं घरांत चौकशी केली तेव्हां असें निघालें कीं तें जनावर मामांनीं पाहिलें होतें, व थोरल्यानें त्याचा कान हालतांना पाहिला होता. मुलांच्या आईनें कांहींच पाहिलें नव्हतें. धाकट्यानें समोर उडालेल्या बगळ्यास हरीण म्हटलें होतें. सहा जणांनीं "दिसलें" म्हटलें, आणि पाहिलें दोघांनीं. सहांपैकीं ज्या एका व्यक्तीनें प्रथम खरें सांगितलें, तिच्याकडून आम्हीं, तिच्या बापानें, तें खरें मागें घेवविलें.

आतां कोणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीचा इतका ऊहापोह कशास? दाखविणाऱ्याचें मन मोडूं नये, मंडळींच्या आनंदांत विरजण पडूं नये, म्हणून मनुष्य "दिसलें" म्हणतो. तो सौजन्याचा शब्द आहे. ह्या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. मामांस आनंद व्हावा अशीच आमची इच्छा होती. पण त्या शब्दानें काय झालें हें पाहावें. आम्हीं "दिसलें नाहीं" असें म्हटलें असतें, तर मामांनीं पुन्हां सांगितलें असतें: "जांभळीच्या डावीकडे वाकडी फांदी आहे, तिच्याखालीं वीतभर पाहा, तेथें पान हालतें आहे तें पान नव्हे, कान आहे." कदाचित् आम्हांसही सांबर दिसलें असतें. "दिसलें" म्हणतांच त्यांनीं दाखविणें थांबविलें. जो "दिसलें" म्हणतो त्यास पुढें कोणी दाखवीत नाहीं. ह्या असत्याची शिक्षा त्याच्या पोटांतच आहे: तें बोलणाऱ्याचें पाहणें तेथेंच संपतें. हरीण पाहावयास आम्ही घाट चढून गेलों, आणि आपल्याच तोंडच्या एका शब्दानें हरणाला मुकलों.

दुसरा कोणी ह्याहून खोल आक्षेप घेईल. तो म्हणेल, मनुष्याचें बहुतेक ज्ञान दुसऱ्याच्या डोळ्यांवरच चालतें. आपल्यापैकीं कितीकांनीं हिमालय पाहिला आहे? आपले पणजोबा कोणीं पाहिले आहेत? तरी ते होते हें आपण मानितों. मग विश्वासू मामांनीं हरीण आहे म्हटल्यावर "आहे" म्हणण्यांत खोटें तें काय? ह्यास आमचें उत्तर असें कीं "आहे" म्हणण्यांत कांहींच खोटें नाहीं. खोटें आहे तें "मीं पाहिलें" म्हणण्यांत. दुसऱ्याच्या शब्दावर भरंवसा ठेवणें हें निराळें, आणि दुसऱ्याची दृष्टि आपली म्हणून खपविणें हें निराळें. प्रामाणिक मनुष्याच्या तोंडीं तीन वाक्यें असावींत. "मीं पाहिलें" हें एक. "मीं पाहिलें नाहीं, पण ज्यानें पाहिलें त्याच्यावर माझा विश्वास आहे" हें दुसरें. "मला ठाऊक नाहीं" हें तिसरें. ह्यांपैकीं कोणतेंही दुसऱ्याहून हलकें नाहीं, आपापल्या ठिकाणीं तिन्हीं खरीं आहेत. पाप घडतें तें एकाच्या जागीं दुसरें घातल्यानें. आपण मुलांस बहुधा पहिलें वाक्य तेवढें शिकवितों, आणि उरलेलीं दोन बोलण्याची त्यांस लाज वाटेल असें वागतों.

ह्याबाबतींत रानांतील मुकीं जनावरें आम्हांहून अधिक जबाबदारीनें वागतात असें म्हणावें लागेल. वाघ वा बिबळ्या जवळ आला असतां चितळें, माकडें व सांबरें हांका देतात. परंतु अनुभवी वाटाडे सांबराच्या हांकेवर सर्वांत अधिक भरंवसा ठेवितात. कारण सांबर सहसा उगाच ओरडत नाहीं. त्याच्या शब्दाचें मोल ह्यांतच आहे. तेंच वाऱ्याच्या प्रत्येक झुळकेस ओरडूं लागेल, तर ज्या दिवशीं वाघ खरोखर येईल त्या दिवशीं त्याच्या हांकेकडे कोण लक्ष देईल?

आणि खोट्या "दिसलें"चा परिणाम घरापुरताच राहतो असेंही नाहीं. महाराष्ट्रांतील अनेक अभयारण्यांत वैशाखी पौर्णिमेच्या चांदण्यांत मचाणावर बसून पाणवठ्यास येणाऱ्या जनावरांची मोजदाद करण्याची रीत आहे. तेथें बसणाऱ्यानें जें पाहिलें तेंच लिहावें, एवढ्यावर त्या कागदाची किंमत अवलंबून असते. राजस्थानांतील सरिस्काच्या रानांत काय झालें हें सर्वांस माहीत असावें. २००४ सालच्या गणनेंत तेथें वाघ असल्याची नोंद होती, आणि २००५ सालीं तेथें एकही वाघ उरला नाहीं असें उघडकीस आलें. चोरट्या शिकाऱ्यांनीं ते मारून नेले होते, आणि कागदावरचे वाघ मात्र सुखरूप होते. पुढें २००८ पासून रणथंभोरहून वाघ आणून तेथें सोडावे लागले. वेळीच कोणी "दिसत नाहीं" असें ठामपणें म्हटलें असतें, आणि वरच्यांनीं तें ऐकून घेतलें असतें, तर कदाचित् कांहीं वाघ वांचले असते. मनोऱ्यावर आठ वर्षांच्या मुलीस "दिसलें म्हण" असें शिकविणाऱ्यानें कागदावर वाघ लिहिणाऱ्यास कोणत्या तोंडानें दोष द्यावा?

मग दोष कोणाचा? आमच्या मतें उत्तर देणाऱ्याहून विचारणाऱ्याचा अधिक. "दिसलें ना?" हा प्रश्नच नव्हे, ती "होय" म्हणण्याची आज्ञा आहे. त्यांतील "ना" हें अक्षर मुलास सांगतें कीं दुसरें उत्तर येथें नको आहे. मूल दुबळें असतें. त्यास हरणापेक्षां बापाच्या कपाळावरची आठी लवकर दिसते. ह्यास्तव असें विचारूं नये. "तुला काय दिसतें?" असें विचारावें, आणि मग थांबावें. मूल म्हणेल, "एक काळें खोड आहे, आणि दोन पानें हालताहेत." तें त्याचें खरें उत्तर झालें, आणि तीं दोन पानें कोणती, हें सांगण्यास मोठ्या माणसास तेव्हां वाट मिळते.

गांवोगांवचे आमचे शिक्षक व उपदेशक बंधु ह्यांस हें निराळें सांगावयास नको. वर्गांत किंवा घरोघरच्या बैठकींत आपणही "समजलें ना?" असें विचारितों, आणि सगळ्या माना एकदम हालतात. त्या हालणाऱ्या मानांनीं आपण सुखावतों व पुढल्या धड्यास लागतों. त्यांतील कितीजणांस समजलें आणि कितीजणांनीं आमच्या तोंडाकडे पाहून मान हालविली, हें कोण सांगणार? जें मूल "समजलें" म्हणून गेलें त्यास तो धडा पुन्हां कोणी सांगत नाहीं. "मला समजलें नाहीं" असें उभें राहून म्हणणारें एखादें मूल निघालें, तर त्यानें वर्गाचा वेळ घेतला असें न मानितां, वर्गाची लाज राखली असें मानावें. आणि जें आपणांस स्वतःस अजून दिसलेलें नाहीं, तें दिसल्याच्या आवेशानें बोलण्याचा मोह झाला, तर त्या वेळीं मनोऱ्यावरची ती मुलगी आठवावी.

आमच्या घरीं त्या दिवसापासून एक नियम झाला आहे. कोणी कांहीं दाखविलें तर ज्यास दिसलें नाहीं त्यानें तसें सांगावें, आणि सांगणाऱ्यास कोणी हांसूं नये. हा नियम मुलांहून आम्हांसच अधिक जड जातो.

पहिला पाऊस पडण्यापूर्वीं एका संध्याकाळीं मुलीस घेऊन आम्ही गांवाबाहेर काजूच्या बागेच्या कडेनें चाललों होतों. दिवस मावळला होता. वरच्या झाडींतून एकाएकीं भुंकण्याचा आवाज आला. एकदां, मग थांबून पुन्हां. कुत्र्यासारखा, पण कुत्र्याचा नव्हे. आम्ही दोघें जागच्या जागीं उभीं राहिलों. पुष्कळ वेळ पाहिलें. करवंदीच्या जाळ्या काळ्या होत गेल्या, आणि कांहीं दिसलें नाहीं. घरीं आल्यावर आजीनें उशीर कां झाला म्हणून विचारलें. मुलगी पाय धुतां धुतां म्हणाली, "भेकराचो आवाज आयाकलंय. पण भेकर बघूक नाय."

आजीनें "बरां" म्हटलें व ताट वाढावयास घेतलें.